घरच्या माणसाची नोंद

त्याला सगळे 'दोनपावले' म्हणत. हे त्याचं आडनाव नव्हतं. पण नवीन आलेल्या एका नर्सने ड्युटीच्या तक्त्यावर खरोखरच 'श्री. दोनपावले' असं लिहिलं, आणि तो तक्ता पुढचा लागेपर्यंत भिंतीवर तसाच राहिला. कोणी खोडला नाही, त्यानेही नाही. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, लिफ्टच्या मागच्या बाजूला मणक्याच्या इलाजाची खोली होती. तिथलं एक्स-रे मशीन तो चालवायचा. पेशंट टेबलावर पालथा झोपलेला, डॉक्टरांच्या हातात लांब सुई, आणि सुई आत कुठवर पोचली ते पडद्यावर दिसावं म्हणून ते अर्धगोल मशीन पेशंटला वेढा घालून उभं. डॉक्टरांचा पाय किरण सोडायच्या पेडलवर पडायच्या आधी हा गरजायचा, दोन पावलं मागे! मग नर्स असो, शिकाऊ डॉक्टर असो, नाहीतर खोली पाहायला आलेले हॉस्पिटलचे प्रमुख असोत, मागे सरकल्याशिवाय सुटका नसे. किरण दिसत नाहीत, त्यांना वास नाही, ते अंगाला लागल्याचं कळत नाही. पण माणूस लांब गेला की त्यांचा जोर झपाट्याने उतरतो. हे एवढं त्याने नोकरीच्या पहिल्या वर्षी ऐकलं आणि मग कोणाचीही भीडभाड ठेवली नाही.

त्याच्या कुरकुरींची यादी मोठी होती. शिशाचा एप्रन कोणी घडी घालून खुर्चीवर टाकला की त्याचं डोकं फिरायचं, कारण घडीवर आतलं शिसं चिरतं आणि वरून काही दिसत नाही. अंगावर किती किरण पडले ते मोजणारा छोटा बॅज डॉक्टर मंडळी हमखास कोटाला लावून कोट बाहेर टांगून यायची. हा दारात आडवा उभा राहायचा आणि त्यांना शाळेतल्या पोरांसारखं परत पाठवायचा. पण त्याचा खरा जीव होता रजिस्टरात. पेशंटचं नाव, वजन, कुठला मणका, किरण किती मिनिटं चालले, कुठल्या बाजूने, आणि शेवटी मशीनच्या कोपऱ्यात येणारा डोसचा आकडा. मशीन जुनं होतं. पुढच्या पेशंटसाठी बटण दाबलं की आधीचा आकडा पुसला जायचा. म्हणून आकडा लिहून झाल्याशिवाय पुढची ट्रॉली आत यायची नाही. एका डॉक्टरांनी घाईत म्हटलं, कालच्यासारखंच काहीतरी लिहून टाक. त्याने पेन टेबलावर ठेवलं आणि हाताची घडी घालून उभा राहिला. डॉक्टर चिडले, तणतणले, आणि अखेर थांबले. ही गोष्ट हॉस्पिटलमध्ये सगळ्यांना तोंडपाठ होती आणि दर वेळी ती जरा मोठी होत गेली होती.

जो पेशंट दुसऱ्यांदा यायचा त्याचे जुने आकडे शोधून, त्यांची बेरीज करून हा ती केसपेपरच्या डोक्यावर लाल शाईने लिहायचा. शिकाऊ पोरांना तो सांगायचा की कातडीला मागचं सगळं लागू असतं. आज थोडं, चार महिन्यांनी थोडं, असं करत एकाच जागी मारा झाला तर ती जागा पुढे कधीतरी जळते, आणि तोवर इलाज करणारे कुठले कुठे गेलेले असतात. म्हणून लाल आकडा वाढलेला दिसला की तो टेबल उलटं फिरवून घ्यायचा, उशा सरकवायचा, म्हणजे या खेपेला किरण दुसऱ्या कातडीतून आत जातील. यात पाच-दहा मिनिटं जायची आणि डॉक्टरांचे सुस्कारे ऐकावे लागायचे. ते तो बिनदिक्कत ऐकून घ्यायचा.

असा हा माणूस. आणि त्याच्या त्या सगळ्या जाडजूड रजिस्टरांत त्याच्या सख्ख्या बहिणीची एकही ओळ नव्हती. ती नसलेली ओळ तिला केवढ्याला पडली, ते आता सांगायचं आहे.

ताई त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा हा इतका लहान होता की आई म्हणून त्याला आठवते ती ताईच. एका हॉटेलच्या धुलाईघरात ती कामाला होती. ओल्या चादरींचे गठ्ठे उचलायचे, वाफेच्या इस्त्रीतून काढायचे, घड्या घालून गाड्यांवर रचायचे. अंगाने दणकट, जिभेने त्याहून. याच्या बायकोला लग्नानंतर पहिलं वर्षभर तिची धास्ती वाटायची. पुढे दोघींचं इतकं जमलं की हाच घरात एकटा पडायला लागला. ताई शेजारच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायची. वाफेने म्हणा, साबणाच्या पुडीने म्हणा, तिला दमा जडला आणि वर्षानुवर्षं स्टिरॉइडच्या गोळ्या चालू राहिल्या. श्वास तगला, पण हाडं आतून पोकळ होत गेली. एके दिवशी न्हाणीघरात वाकून बादली उचलताना तिच्या पाठीत काहीतरी कचकन दबलं आणि ती तिथेच भिंतीला धरून उभी राहिली. ओरडलीसुद्धा नाही. शेजारणीने दार वाजवलं तेव्हा म्हणाली, जरा माझ्या भावाला बोलाव, मला हलता येत नाही.

मणका चेपला होता. इलाज याच्याच खोलीतला होता. एक्स-रेखाली बघत बघत जाड सुईने चेपलेल्या हाडात सिमेंट भरायचं. पण त्या इलाजाला तेव्हा काही महिन्यांची रांग होती, आणि रांगेतल्या बायकाही भिंतीला धरूनच चालत होत्या. याने ताईचं नाव रांगेत घातलं, घरी आला आणि तिचं कण्हणं ऐकत बसला. माणसाने किती ऐकावं? चार दिवसांनी तो खोलीच्या मोठ्या डॉक्टरांपाशी गेला आणि गप्प उभा राहिला. मोठे डॉक्टर मनाने मऊ होते. यानेच त्यांना आयुष्यभर बॅज लावायला लावला होता, आणि त्याबद्दल ते चारचौघांत याचं कौतुक करायचे. ते म्हणाले, संध्याकाळी यादी संपली की आण तिला मागच्या दाराने.

त्या संध्याकाळी खोलीत तिघंच होते, मोठे डॉक्टर, हा आणि टेबलावर ताई. काम सोपं गेलं नाही. हाडं इतकी विरळ झालेली की पडद्यावर कडा दिसेनात. त्यात ताईचं अंग भारी. मशीन आपणहून जोर वाढवत राहिलं. बाजूने बघताना किरण सोडणारी नळी तिच्या डाव्या कुशीला जवळजवळ टेकली होती. मशीन दर पाच मिनिटांनी घंटी वाजवायचं आणि एरवी हा ठणकावून सांगायचा, पाच झाली डॉक्टर. आज घंटी वाजली की ताई दचकत होती, म्हणून याने बटण दाबून ती गप्प केली. पुन्हा वाजली, पुन्हा गप्प केली. सगळं झाल्यावर सवयीने त्याने रजिस्टर ओढलं आणि पेनचं टोपण काढलं.

"हिला कशाला त्यात घालतोस?" मोठे डॉक्टर हात धुता धुता म्हणाले. "रांगेच्या मध्येच नाव कसं आलं म्हणून उद्या विचारतील. घरचंच माणूस आहे."

त्याने टोपण लावलं. मशीनचा आकडा तिथेच कोपऱ्यात लुकलुकत होता. तो त्याने पाहिला, लक्षात ठेवतो म्हणाला, आणि मशीन बंद केलं. तिसऱ्या दिवशी ताई स्वतःच्या पायांनी चालत जिना चढून याच्या घरी आली आणि भावजयीने केलेल्या चहाला नावं ठेवली, तेव्हा या माणसाला जग जिंकल्यासारखं वाटलं. रांगेतल्या बायका त्या दिवशी त्याला आठवल्या नाहीत, हे त्याने पुढे स्वतःच कबूल केलं.

मग ते होतच गेलं. पुढच्या वर्षात खालचा मणका दबला, मग त्याच्या वरचा. मधे कंबरेतून पायात जाणारी कळ थांबवायला नस जाळायचा इलाज झाला, तोही दोन खेपांत. दर वेळी यादी संपल्यावर, मागच्या दाराने, हातात डबा घेऊन. कोणी हटकलं तर भावाला डबा द्यायला आले म्हणायचं, हे यानेच तिला पढवलं होतं. ताईला त्यात चोरीची मजा वाटायची. डब्यात खरंच काहीतरी असायचंही, आणि मोठे डॉक्टर ते खाऊनच घरी जायचे. कुठल्याही वेळी कागद झाला नाही. कागद नाही म्हणून लाल आकडा नाही. लाल आकडा नाही म्हणून टेबल फिरवायचं कोणाला सुचलं नाही. दिवसभराचे सगळे दमलेले, घरी जायची घाई. मशीनची जाड वायर एकाच भिंतीच्या प्लगला पोचायची. त्यामुळे नळी दर वेळी तिथेच, डाव्या कुशीशी. खोलीत सगळ्यांना दोन पावलं मागे ढकलणाऱ्या या माणसाने आपल्या बहिणीला पुनःपुन्हा त्याच जागी झोपवलं. आणि त्याला विचारलं असतंत तर तो मनापासून म्हणाला असता की सगळं डोक्यात आहे.

मोठे डॉक्टर निवृत्त होऊन मुलीकडे दुसऱ्या गावी गेले. नवीन मशीन आलं, त्यात आकडा आपोआप साठायचा. तरीही दोनपावल्यांचं रजिस्टर चालूच राहिलं. नवीन लोकांना शिकवायला हॉस्पिटल त्यालाच उभं करायचं. भिंतीवर चित्रं लावून तो समजावायचा. त्यातलं एक चित्र एका अनोळखी माणसाच्या पाठीचं होतं. चौकोनी, तपकिरी, मधे फाटलेला चट्टा. हा चट्टा पाहून कोणीही घाईने सुरी लावू नका, असं तो बजावायचा, कारण किरणांनी मारलेली कातडी कापली की पुन्हा जुळत नाही. तपासणीसाठी काढलेल्या नखाएवढ्या तुकड्याचीसुद्धा वर्षभर भरत नाही अशी जखम होते.

ताईच्या कुशीला खाज सुटते, हे घरात त्याच्या कानावर येत होतं. गरम पाण्याची पिशवी घेऊन त्याच कुशीवर झोपायची तिची खोड, त्यामुळे चटका बसला असेल असं तिचं तिनेच ठरवलं. बायकोने दोनदा मलम आणून दिलं. आता भाऊ काही बहिणीची कूस उघडून बघत नाही. हॉस्पिटलच्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी आधी नायट्याचं औषध दिलं, मग ॲलर्जीचं. चट्टा कडक होत गेला आणि एक दिवस मधोमध फुटला. जखम सुकेना. तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू, वाईट काही नसल्याची खात्री करून घेऊ. ताईने भावाला सोबत चल म्हणून सांगितलं. सुई-सुरीला ती भ्यायची नाही, पण टेबलावर चढायला तिला हात लागायचा.

त्याने हात दिला. ताई उजव्या अंगावर वळली, नर्सने पदर आणि कापड बाजूला केलं, आणि त्याने पहिल्यांदा तो चट्टा पाहिला. चार सरळ कडा. माणसाच्या अंगावर आपणहून येणारं काहीही इतकं सरळ नसतं. भिंतीवरच्या चित्राखाली उभं राहून तो जे शिकवत होता ते त्याच्या ताईच्या अंगावर होतं. ते तिथे कसं आलं, कुठल्या भिंतीच्या प्लगमुळे आलं, हे सांगू शकणारा त्या खोलीत तो एकटाच होता.

डॉक्टरीणबाई नीट विचारणाऱ्या होत्या. कागद पुढ्यात घेऊन त्यांनी विचारलं, या जागेवर पूर्वी कधी किरणांचा इलाज झालाय का, किंवा बराच वेळ चाललेला एक्स-रे?

"नाही हो," ताई म्हणाली. "मी कशाला जातेय? माझा भाऊच त्यातला आहे, विचारा त्याला."

आणि तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. काही काळजी करू नकोस, मी सांभाळते, अशी ती नजर होती. डबा घेऊन आले म्हणायला त्यानेच शिकवलं होतं, आणि इतक्या वर्षांनंतरही ती त्याचा शब्द पाळत होती. तो एवढंच बोलला की ताईला आज दम लागतोय, उद्या सकाळी केलं तर चालेल का? डॉक्टरीणबाईंनी बरं म्हटलं. बाहेर आल्यावर ताई वैतागली, मला कुठे दम लागलाय?

दुपारी त्याने मोठ्या डॉक्टरांना फोन केला. त्यांचा आवाज म्हातारा झाला होता. त्यांनी आधी ताईच्या दम्याची चौकशी केली, डब्यातल्या पदार्थांची आठवण काढली. मग याने चट्ट्याचं सांगितलं. ते म्हणाले, कापू देऊ नकोस हे तर खरंच. पण सगळं उकरून काय साधणार? बाहेर कुठेतरी इलाज झाला होता असं सांग, काम भागेल. ते वाईट माणूस नव्हते, घाबरलेले होते. तोही घाबरलेला होता, म्हणून त्याला हा सल्ला पटला. घरी बायकोला सगळं सांगितलं तेव्हा तिने इतकंच विचारलं की ताईंना काय सांगणार आहात?

सकाळी तो ताईच्या आधी डॉक्टरीणबाईंपुढे उभा राहिला आणि पढवल्यासारखं बोलला. चट्ट्याच्या कडा सरळ आहेत, हे किरणांचं असू शकतं, बहुतेक बाहेर कुठल्या तरी दवाखान्यात ताईने पाठीचं काही करून घेतलं असावं. डॉक्टरीणबाईंनी ते हसण्यावारी नेलं नाही. कुठल्या दवाखान्यात, केव्हा, किती वेळ, हे त्यांनी विचारलं, आणि त्याला सांगता येईना. मग त्यांनी बाकावर बसलेल्या ताईला आत बोलावून तिलाच विचारलं. ताईचं तोंड घट्ट झालं. ती म्हणाली की हे गाव सोडून ती कुठे गेलेलीच नाही, आणि पाठीला तिच्या कोणीही हात लावलेला नाही. भावाचं काहीतरी चुकतंय, त्याला हल्ली झोप नसते. ती असं छातीठोक सांगत होती की कोणाचाही विश्वास बसावा. डॉक्टरीणबाईंचाही बसला. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं, मोजे चढवले आणि नर्सला तयारी करायला सांगितली.

ताई आपणहून कुशीवर वळली. नर्सने ट्रे सरकवला.

"डॉक्टर, कापू नका," तो म्हणाला. "बाहेर नाही झालेलं. माझ्या खोलीत झालंय, माझ्या मशीनवर. एकदा नाही, पुष्कळदा. नळी दर वेळी याच बाजूला होती."

"अरे, तू गप्प बस," ताई टेबलावरूनच म्हणाली.

"ताई, आता नको." तो डॉक्टरीणबाईंकडे वळला. "मी सांगितलं म्हणून ती नाही म्हणतेय, डॉक्टर."

डॉक्टरीणबाईंनी हातातली सुरी ट्रेमध्ये ठेवली. रुजू झाल्या तेव्हा त्याही त्याच्या त्या चित्रांपुढे बसल्या होत्या. "मग रजिस्टरात आकडे असतील ना?" त्यांनी विचारलं. "किती झालंय ते बघून पुढचं ठरवता येईल."

"तिचं काही लिहिलं नाही," तो म्हणाला. "तिचं एकटीचंच नाही."

डॉक्टरीणबाईंनी मोजे काढले, जखमेवर स्वच्छ पट्टी लावली आणि ताईला उठून बसायला स्वतः हात दिला. ताईने तो घेतला, पण भावाकडे पाहिलं नाही. तिला वाटत होतं की आपण इतकं जपलेलं याने एका वाक्यात उधळून लावलं.

पुढचं सगळं रीतसर झालं. प्रमुखांनी त्याला बोलावलं, लेखी घेतलं आणि मणक्याच्या खोलीतून काढून छातीचे एक्स-रे काढायच्या खिडकीवर बसवलं. शिकवणं बंद. सहकाऱ्यांपैकी बरेच जण सांत्वन करायला आले. घरच्या माणसासाठी कोण करत नाही, आम्हीही केलं असतं, असं म्हणाले. ते प्रेमाने बोलत होते आणि त्याला ते ऐकवत नव्हतं. रांगेतल्या बायकांचाही तो विचार करायला लागला होता. आता त्या बायका गल्लीत, दुकानात कुठेही दिसायच्या आणि त्याला मान वर करता यायची नाही.

किरणांचा हिशेब करणाऱ्या एक बाई दुसऱ्या संस्थेतून आल्या. जुन्या मशीनची कागदपत्रं काढली, ताईला रिकाम्या टेबलावर झोपवून अंतरं मोजली आणि त्याला एकेक विचारत गेल्या. पहिल्या खेपेला किती मिनिटं? घंटी किती वेळा वाजली? नळी किती जवळ? डोक्यात आहे म्हणून ज्याचा त्याला भरवसा होता ते सगळं एकमेकांत कालवलं गेलं होतं. पहिल्या संध्याकाळचा तो लुकलुकणारा आकडासुद्धा त्याला धड सांगता येईना. दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेत कुठलं कधी झालं याचा घोळ होता. बाई शांतपणे प्रत्येक आकड्यापुढे 'अंदाजे' लिहीत होत्या. तो शब्द त्याने उभ्या आयुष्यात कोणाला लिहू दिला नव्हता.

अंदाज म्हटला की तो वरचाच धरावा लागतो. डॉक्टरांच्या बैठकीत ठरलं की जखमेला सुरी लावायची नाही. मांडीची कातडी लावून बघता येईल, पण आत्ता नाही, आणि भरेलच याची खात्री नाही. दुसरं ठरलं ते आणखी जड होतं. ताईचा वरचा एक मणका नुकताच दबायला लागला होता. त्याला सिमेंट भरायचं तर पुन्हा किरण आले. आधी किती घेतलेत ते नक्की कळलं असतं, तर कुठल्या बाजूने, किती वेळ हे आखून करता आलं असतं. कळत नव्हतं, म्हणून कोणी हात लावायला तयार नव्हतं. कंबरेला पट्टा बांधायचा, गोळ्या घ्यायच्या आणि सोसायचं.

हे ताईला कोणी सांगायचं, असा प्रश्न आला तेव्हा तो म्हणाला, मी सांगतो. तिच्या खोलीत खिडकीशी पलंग होता. ती उजव्या अंगावर पडली होती, पाठीमागे लोड लावलेला, पट्टा ढिला करून ठेवलेला. त्याने खुर्ची ओढली आणि काही आडपडदा न ठेवता सांगितलं. आता सिमेंट नाही. का नाही तेही सांगितलं. लिहिलं असतं तर आज इलाज झाला असता, हेसुद्धा त्याने गाळलं नाही. ताई ऐकत राहिली. इतके दिवस ती त्याच्याशी धड बोलली नव्हती. भांडायला तिच्यात तेवढा श्वासही उरला नव्हता.

"त्या रांगेतल्या बायका," ती म्हणाली, "त्यांनाही असंच झालं का रे?"

"नाही. त्यांचं लिहिलेलं असायचं. आकडा वाढला की मी टेबल फिरवून घ्यायचो."

ती हळूच म्हणाली, "मग मलाही रांगेत उभं करायचं होतंस. मी थांबले असते."

त्याने मान खाली घातली आणि तो रडला. बहिणीसमोर तो लहानपणानंतर रडला नव्हता. तिने त्याला गप्प केलं नाही, की डोक्यावरून हातही फिरवला नाही. पहिल्यांदाच तिने त्याला काही सोपं करून दिलं नाही. बऱ्याच वेळाने तिच्या उजव्या खांद्याला रग लागली आणि ती म्हणाली, जरा उताणी कर मला. तो उठला. एक हात तिच्या मानेखाली, दुसरा गुडघ्यांखाली घालून, डाव्या कुशीला काही घासणार नाही असं बघत त्याने तिला हळूहळू वळवलं. मणका दुखला आणि ती कण्हली. तो तिथेच थांबला, तिचा श्वास जाग्यावर यायची वाट पाहिली, आणि मग उरलेलं वळवलं.